एक फूट बाय एक फूट

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९

ही डायरी आयझॅकच्या कंपनीची. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी दर वर्षी त्यांच्या नावाने कुरिअर येतं. या वर्षीची आली तेव्हा त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. तेव्हापासून कोरी पडली आहे. कोरा कागद वाया घालवणं मला पटत नाही म्हणून लिहिते. दुसरं कारण नाही.

ते असताना मी कधी नावाने हाक मारली नाही. 'अहो' म्हणायचे. इथे आयझॅक लिहीन. वाचणार कोण आहे.

संकल्प: १५ जानेवारीला वर्ष होईल. त्या दिवशी घरी प्रार्थना आणि मलिदा, म्हणजे नैवेद्याचे गोड पोहे आणि फळं. त्याआधी त्यांची माशांची टाकी भरायची. झाडं, मासे, लाइट, सगळं. लोक आले की दिसलं पाहिजे.

माप: एक फूट बाय एक फूट, उंची तीन फूट.
जागा: हॉलचा कोपरा, फ्रीज आणि बेडरूमचं दार यांच्यामधे.
टाकीत सध्या असलेल्या वस्तू: छत्र्या चार. गेल्या वर्षीचं कॅलेंडर, गुंडाळलेलं, एक. (पाचवी छत्री, निळी, चौथ्या मजल्यावरची मालू घेऊन गेली ती आलीच नाही.)

छत्र्या मी ठेवल्या. टाकी आली आणि महिन्याभरात आयझॅक आजारी पडले. पावसाळा सुरू झाला. टाकी रिकामी, छत्र्यांना जागा नाही. कोणीही तेच केलं असतं. शिवाय त्यांच्या खाटेवरून तो कोपरा दिसत नाही. मधे फ्रीज येतो. माझ्या बेडवर पडून मी स्वतः बघितलं आहे, फक्त फ्रीज दिसतो. तेव्हा वाईट वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

वाचनालयातून माशांवरचं पुस्तक आणलं. संध्याकाळपर्यंत संपवलं. माझं शिक्षण आठवीपर्यंत, बाकीचं सगळं पुस्तकांतून. पुस्तक वाचून मी मिक्सर दुरुस्त केला आहे. लेकीचा, याएलचा, लग्नाचा ड्रेस बेतला आहे. मासे हा काही अवघड विषय नाही.

प्लॅन काढायला आयझॅकचं ग्राफ पेपरचं पॅड घेतलं. आयुष्यभर ड्राफ्ट्समन, त्यामुळे घरात दुसरा कागद नाही. पहिल्याच पानावर त्यांनी काढलेली टाकी होती. आडवी, तीन फूट लांब. त्यावर काट मारून शेजारी उभी काढली आहे. खाली पेन्सिलने: 'जोकू: १ फूट.' जोकू म्हणजे मी.

पान उलटलं. कोऱ्या पानावर माझा प्लॅन काढला.

टाकी उंच म्हणजे तिला बिल्डिंग समजायचं. वरच्या मजल्यावर गप्पी. मधल्या मजल्यावर टेट्रा. एंजल मासा उभट असतो, त्याला तिन्ही मजले मोकळे. मागच्या भिंतीला गवतासारखी लांब पानांची व्हॅलिस, तळापासून पाण्यापर्यंत. पुढे ॲमेझॉन सोर्ड दोन. लाकडाला बांधलेलं जावा फर्न एक, कारण खाली उजेड कमी. मासे एकूण बारा, झाडं सहा.

एका दिवसात झालं. लोक उगाच बाऊ करतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पनवेलला जुन्या बाजारात प्रणितच्या दुकानात गेले. टाकी त्यानेच बनवून दिली होती. चाळिशीचा माणूस, पण बोलणं कॉलेजमधलं. प्लॅन बघून म्हणाला, "काकी, ही टाकी नाही, लिफ्ट आहे. वर तोंड एवढंसं, पाण्यात हवा जाणार कुठून? लाइट खाली पोचणार नाही. तुमचा हात तळाला पोचणार नाही. मी काकांना बोललो होतो, आडवी घ्या."

मी विचारलं, मग काका काय म्हणाले. (विचारायला नको होतं.)

म्हणाला, "काका हसले. बोलले, जागा तेवढीच मंजूर झाली आहे."

मी त्याला सांगितलं की उंच टाकी ही काकांची आवड होती. हॉलमधे सोफे आहेत, शोकेस आहे, टीव्ही आहे. एक फूट जागा कमी नसते. आपल्याकडे माणसं दहा बाय दहात संसार करतात.

तो म्हणाला, "बरोबर काकी, पण ती आडवी झोपतात."

तळाची घाण खायला एक सकर घ्या म्हणाला. काळा, चपटा, काचेला तोंड लावून चिकटलेला. मी विचारलं, खवले आहेत का? नाहीत म्हणाला. मग नको. पर आणि खवले दोन्ही असल्याशिवाय आम्हा ज्यूंच्या घरात मासा येत नाही. प्रणित म्हणाला, "काकी, खायचा थोडीच आहे?" प्रश्न खाण्याचा नाही. माझ्या आईने ठरवून दिलेली यादी आहे. आज माशासाठी वाकवली तर उद्या कशासाठी वाकवेन.

९ नोव्हेंबर, रविवार

याएलचा इस्रायलहून, अश्दोदहून व्हिडिओ कॉल. प्लॅन कॅमेऱ्यासमोर धरला. म्हणाली, "आई, छान आहे गं. पण तुला खरंच मासे हवेत का?" म्हटलं, पप्पांना हवे होते. ती म्हणाली, "हो, त्यांना हवे होते."

नेटवर्क नीट नव्हतं. बंद केला.

१० नोव्हेंबर, सोमवार

छत्र्या काढल्या. गॅलरीत दोरीला टांगल्या. टाकी मिठाने घासली, साबण लावायचा नसतो. खडी धुवून टाकली. बादल्या मोजून पाणी भरलं, साडेसहा बादल्या. गळत नाही.

फक्त पाण्याचीसुद्धा चांगली दिसते. हे आधीही करता आलं असतं, दीड तासाचं काम. पण तेव्हा पाणी सांडलं असतं, लादी ओली झाली असती, ते बाथरूमला जाताना घसरले असते. दोनदा म्हणाले होते, टाकी भरू या का. दोन्ही वेळा मी म्हटलं, आधी बरं वाटू दे. माणूस बरा होणार आहे असं समजूनच बायको बोलणार ना?

१२ नोव्हेंबर, बुधवार

झाडं आणली. प्रणितचं एक खरं निघालं, हात तळाला पोचत नाही. स्टुलावर चढून खांद्यापर्यंत हात घातला, तरी बोटं आणि खडीमधे एक वीत. पोळीचा चिमटा लाकडी पट्टीला बांधला. रोप धरलं जायचं, पण सोडताना परत वर यायचं. छत्रीच्या मुठीने दाबून बघितलं. व्हॅलिसची दोन पानं तुटली. ब्लाउज कमरेपर्यंत ओला.

तेवढ्यात मालू आली. ही बिल्डिंग उभी आहे ती जागा तिच्या सासरची, पूर्वी त्यांचं मिठागर. दारातूनच म्हणाली, "वयनी, ही टाकी हाय का इहीर?" मग म्हणाली, "आमच्यात जाल्याला दगर बांधतान, मंग जालं खाली बसतं. झाराला बी बांद दगर, आन सोर."

दगड बांधून झाडं सोडली. एकेक करून तळाला जाऊन उभी राहिली. पुस्तकात हे नव्हतं.

मालू सोफ्यावर बसून हॉलभर नजर फिरवत म्हणाली, "येवरा मोटा हॉल, दोन सोफे, आन भाऊंना तुमी एक फूट दिला, वयनी!" हसत म्हणाली. मीही हसले. चहा केला. साखर घालायची विसरले, तिने तसाच प्यायला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ५

सूर्य मावळायच्या आत लिहून ठेवते. आता शब्बाथ, उद्या तारे दिसेपर्यंत लिहायचं नाही, बटण दाबायचं नाही. टाकीचा लाइट आताच लावून ठेवला आहे, उद्या लावता येणार नाही म्हणून. झाडांना एक रात्र जास्त उजेड मिळाला तर चांगलंच आहे.

आयझॅक असताना आम्ही एवढं पाळायचो नाही. शनिवारी ते टीव्हीवर मॅच बघायचे, मीही बसायचे शेजारी. हे वर्ष मात्र पाळायचं ठरवलं आहे. एक तरी गोष्ट नीट केली असं व्हावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

याएलचा फोन. म्हणाली, "आई, तू लोकांना पंधरा जानेवारी सांगितलंस का? पप्पांची तारीख या वर्षी चार जानेवारीला येते." आपल्या हिब्रू कॅलेंडरने. तेबेथ महिन्याची पंधरा. मी इंग्लिश तारीख धरून बसले होते.

मी, जिने सगळ्या नातेवाइकांच्या तारखा पाठ केल्या आहेत.

अकरा दिवस कमी झाले. पाणी तीन आठवडे मुरू द्या, मग मासे, असं पुस्तक म्हणतं, प्रणितही म्हणतो. पण पुस्तक लिहिणाऱ्याला चार जानेवारीला मलिदा नव्हता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मासे आले. गप्पी चार, एंजल दोन. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडले. शेपट्या हलवत तिन्ही मजले बघून आले. सुंदर.

प्रणितने एअर पंप दिला. एवढ्या उंच टाकीला हा दिवसरात्र चालू ठेवायचाच, काकी, नाहीतर मासे वर येऊन तोंड उघडतील. नळी तळाला, वर बुडबुडे.

बुडबुड्यांचा आवाज थेट त्या मशीनसारखा आहे. शेवटचे दीड महिने बेडरूममधे ऑक्सिजनचं मशीन होतं, त्याच्या बाटलीत असंच पाणी बुडबुडायचं. बंद पडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात होते.

झोपताना पंप बंद करणार आहे. वरच्या मजल्यावर आवाज जात असेल. शेजाऱ्यांचा विचार करावा लागतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. ५ वाजता

उद्याचं खाणं आजच घातलं. शनिवारी डबा उघडायचा नाही असं ठरवलं आहे. वाळवंटात आपल्या लोकांनाही मन्ना, आकाशातून पडणारं अन्न, शुक्रवारी दुप्पट मिळायचा, शनिवारसाठी. माशांना तोच नियम. लाइट लावून ठेवला.

शब्बाथ पाळणारी टाकी. पनवेलमधे दुसरी नसेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

दोन गप्पी मेले. प्रणितने अशक्त मासे दिले.

गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मालूला विचारलं, वर पंपाचा आवाज येतो का. म्हणाली, "आमाला कय आयकू येत नाय, वयनी. आमचे ह्ये घोरतान त्यान इमान गेला तरी कलनार नाय."

तरीही बंद करते. तिसऱ्या मजल्यावर म्हातारे लोक आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार

उरलेले दोन गप्पी. कढीपत्ता.

टाकीच्या काचेवर हिरवं. पुस्तकात याला शेवाळ म्हटलं आहे आणि 'अति प्रकाश व अति अन्न' असं कारण दिलं आहे. माझ्याकडे दोन्ही मोजून मापून आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

टेट्रा चार आणले. प्रणितने विचारलं, पंप चालू असतो ना? हो म्हटलं. दिवसा असतो.

मालूने निळी छत्री आणून दिली. "तुमची निली छत्री, वयनी, दीर वरीस झाला, माझ्या ध्यानान नाय." गॅलरीत बाकीच्यांबरोबर टांगली. आता पाच.

आठवलं. मालूने ती नेली त्या दुपारी आयझॅक खाटेवरून म्हणाले होते, "जोकू, निळी कुठे गेली?" मी म्हटलं, मालूने नेली. "बरं," म्हणाले, आणि डोळे मिटले. त्यांना कसं कळलं देव जाणे. दारातलं बोलणं ऐकलं असेल. कान शेवटपर्यंत तिखट.

७ डिसेंबर, रविवार

तीन टेट्रा मेले. संध्याकाळी दुकानात जाऊन प्रणितला चांगलं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकी, एक सांगा. तुमचे मासे रविवारीच का मरतात?"

दुसऱ्या गिऱ्हाइकाने वळून बघितलं. मी म्हटलं, योगायोग.

"माझ्याकडचे मासे सोमवार ते शनिवार सगळे वार मरतात," तो म्हणाला. "तुमचेच असे शिस्तीचे."

रिक्षात बसल्यावरही विचार करत होते. मासे शनिवारीच मरत असतील, मला दिसतात रविवारी, कारण शनिवारी मी टाकीत हात घालत नाही. एवढंच. यात माझा काय संबंध.

९ डिसेंबर, मंगळवार

काल पंप बंद करायला उठले आणि तशीच उभी राहिले. एंजल दोन्ही पाण्याच्या वर, तोंडं उघडमिट करत. आयझॅक शेवटी असेच. मास्क होता तरी.

तेव्हा ते काहीबाही बोलायचे. सकाळी चहा घेऊन गेले की विचारायचे, "आपले पावसाळी मासे काय म्हणतात?" मी म्हणायचे, बरे आहेत. ताप चढला की माणूस बोलतो तसं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ऑक्सिजन कमी पडला की बरळतील.

पंप चालू ठेवला. कानात कापूस घातला.

१४ डिसेंबर, रविवार

एक टेट्रा, एक एंजल. एंजल मोठा होता, कुंडी उकरावी लागली.

उरला एक एंजल.

मालू कढीपत्ता मागायला आली. म्हणाली, "वयनी, तुमचा कडीपत्ता कसा जोरान हाय! खत कनचा घालता?" म्हटलं, घरगुती.

१६ डिसेंबर, मंगळवार. दुपारी

प्रणित इथे करंजाड्यात, आमच्या बिल्डिंगजवळ, कोणाची तरी टाकी लावायला आला होता, तो वर आला. मी बोलावलं नव्हतं. टाकीसमोर उकिडवा बसला. खाली खडीत बोट दाखवलं. पांढरी बुरशी, कुजलेलं खाणं, थरावर थर.

शुक्रवारी किती घालता, विचारलं. सांगितलं. लाइट किती वेळ, विचारलं. सांगितलं. शब्बाथ समजावून सांगितला, मन्नाही सांगितला. त्याने सगळं नीट ऐकलं, मधे एकदाही हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाला, "काकी, खाणं कमी पडून मासा मरत नाही. जास्त पडून मरतो. शिल्लक कुजतं, पाण्यातली हवा खातं, आणि या टाकीत हवा आधीच कमी. एक दिवस काही घातलं नाही तरी चालतं. तुम्ही वर्षातून एकदा कडक उपास करता ना? काका सांगायचे."

किप्पूरचा उपास. हो म्हटलं.

"मग माशाला शनिवारचा ठेवा की. आणि लाइटला टायमर लावा, गुरुवारीच लावून ठेवा. तुम्हाला बटण नको, त्याला अंधार मिळेल."

इतकं सोपं. पुस्तकात दोन ओळींत होतं, मी वाचलंही होतं. मी ते दुसऱ्या कोणाबद्दल आहे असं समजून वाचलं.

नऊ मासे. लिहून ठेवते, कारण इथे तरी आकडा खरा असावा. प्रणितचे मासे अशक्त नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना काही ऐकू येत नाही, मी विचारायला गेले होते तेव्हा बेल चारदा वाजवावी लागली. पंप मी माझ्यासाठी बंद करत होते.

जाताना प्रणितला चहा विचारला. तो म्हणाला, "काका फोन करायचे, काकी. आजारी असताना. अमुक झाड या उंचीला चालेल का, तमुक मासा चालेल का. वीस-वीस मिनिटं."

मी घरातच असायचे. कधी ऐकलं नाही. मी बाजारात गेल्यावर करत असतील.

१८ डिसेंबर, गुरुवार

टायमर लावला. तळ नळीने ओढून साफ केला. तीन बादल्या पाणी बदललं. संकल्प: चार जानेवारीपर्यंत हा एक मासा जगवायचा. बाराचा प्लॅन रद्द. सहा झाडांपैकी सोर्ड सडले, काढले. फर्न जेमतेम. व्हॅलिस मात्र वाढते आहे, दगडासकट.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ७

जिवंत आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

याएलला एंजल दाखवला. ती म्हणाली, नाव ठेव. नाव ठेवणार नाही. नावं ठेवायचा माझा अनुभव चांगला नाही, आयुष्यभर आयझॅकच्या प्रत्येक हौसेला ठेवली. कॅमेऱ्याला, बागेला, त्या हार्मोनियमला. हार्मोनियम विकली तेव्हा म्हणाले होते, "चला, जागा झाली." खरंच आनंदाने म्हणाले असं मी इतकी वर्षं धरून चालले.

कंबर दुखते आहे. बादल्या.

२८ डिसेंबर, रविवार

जिवंत. व्हॅलिसची पानं पाण्याच्या वर पोचून आडवी वळली आहेत. त्यांतून एंजल सावकाश जातो, वरून खाली, खालून वर. उंच टाकीत बघायला हेच चांगलं. आडव्या टाकीत मासा येतो-जातो. इथे तो उतरतो.

पंपाचा आवाज आता चालतो. नसला तर जाग येते.

मी म्हणते, शेवटी एक फूट पुरलंच.

३१ डिसेंबर, बुधवार

डायरी संपली. मागे 'पुढील वर्षाचे नियोजन' असं छापलेली दोन पानं आहेत. चार तारखेचं तिथे लिहीन.

बेडरूम आवरायला घेतलं. पाहुणे आत येतील. आयझॅकच्या खाटेवर वर्षभर धुतलेले कपडे टाकते आहे. ते कपाटात लावले, खाटेवर नवी चादर घातली. तिथे बसले नाही. काम होतं.

४ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७

पार पडलं. माणसं बावीस. मुंबईहून नऊ, बाकी पनवेल आणि पेण. प्रार्थना चांगली झाली. मलिद्याचे पोहे मऊ झाले, खोबरं भरपूर, पाच फळं, खजूर. मालूने वरून केळी पाठवली, एक घड, आणि स्वतः येऊन मागे उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन.

सगळ्यांनी टाकी बघितली. एकच मासा का, कोणी विचारलं नाही. लाइटमधे तो असा उतरत होता की लोक बोलायचे थांबत होते. आयझॅकची चुलत बहीण म्हणाली, "दादाची हौस पुरी केलीस तू, जोकबेद." मी म्हटलं, त्यांच्या मनासारखं झालं. तीन वेळा म्हटलं, तीन वेगळ्या लोकांना. मालू तिसऱ्या वेळी माझ्याकडे बघत होती.

हलकं वाटतं आहे. वर्षभरात पहिल्यांदा. जे राहिलं होतं ते झालं.

५ जानेवारी, सोमवार. दुपारी ४

कालची ताटं, उसनी आणलेली पातेली, उरलेली फळं, सगळं माझ्या बेडवर मांडून ठेवलं होतं, मोजून परत करायला. दुपारी कंबर एकदम धरली. उभं राहता येईना. पाच मिनिटं पडावं म्हणून आयझॅकच्या खाटेवर आडवी झाले. वर्षात पहिल्यांदा. खिडकीकडे डोकं, ते झोपायचे तसं.

खाटेवरून टाकी दिसते.

अर्धी नाही. सगळी दिसते, खडीपासून काठापर्यंत, दाराच्या चौकटीत बरोबर मधोमध. फ्रीज आड येतो तो माझ्या बेडवरून. खाट दोन हात पलीकडे आहे. तेवढ्याने फ्रीज बाजूला होतो. एक फुटाची जागा कुठे मागायची हे ड्राफ्ट्समनने मोजूनच ठरवलं असणार. आजारपण यायच्या आधी ते याच बाजूला झोपायचे.

जून ते जानेवारी. सात महिने, दिवसरात्र, दुसरं काही बघायला नाही.

'पावसाळी मासे' म्हणायचे तेव्हा त्यांना ताप नव्हता. मी थर्मामीटर लावायचे, मलाच माहीत आहे.

पडल्या पडल्या एंजलकडे बघत राहिले. तो खाली उतरला, मग वर गेला. उठून गॅलरीतल्या छत्र्या आणल्या आणि टाकीच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवल्या, मग परत येऊन पडले, कंबर धरून. बघायचं होतं.

सहज मोजता येतात. निळी तर चष्म्याशिवायही ओळखू येते.